नंदूभाईंचा ड्रमर

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालून आणि त्याच्या नावाआधी 'कै.' लावून तो बोर्ड मी तलासरी नाक्यावर टांगला. ही माझी चूक. ती आधीच सांगून टाकतो, कारण मी चुकीची गोष्ट शेवटपर्यंत पोटात ठेवणारा माणूस आहे, आणि सांगायची वेळ आली की मला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवतं.

त्याच नाक्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, निवडून न येताही जाहीर आभार, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. इतक्या वर्षांत शुद्धलेखनाच्या चुका भरपूर झाल्या. एकदा नवरदेवाच्या जागी त्याच्या सासऱ्याचा फोटो लागला आणि लग्न होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. पण माणूस मारण्यापर्यंत माझी मजल गेली नव्हती.

ती गेली नंदूभाई साव्यांमुळे. हे वाक्य लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटतंय. त्यांच्यामुळे नाही. सगळं प्रकरण तेच तर आहे. पण त्यासाठी आधी नंदूभाई कोण ते सांगायला हवं.

घोलवडला आमच्या घराला लागून त्यांची चिकूची वाडी आहे. वय पासष्टच्या आसपास, अंगात बिनबाह्यांची गंजी, खाली गुडघ्यापर्यंत चड्डी, आणि हात कधीच स्वस्थ नाहीत. नंदूभाई आधी ऐकू येतात, मग दिसतात. चिकूचे क्रेट, स्कूटरची सीट, बँकेचा काउंटर, देवळाबाहेरचा कठडा, जे हाताशी येईल त्यावर ते ठेका धरतात. तलाठ्याच्या टेबलावर एकदा त्यांनी असा ठेका धरला की तलाठ्याला वाटलं माणूस संतापलाय, आणि त्याने बसल्या जागी उतारा काढून दिला. तेव्हापासून गावातल्या लोकांचं सरकारी काम अडलं की ते नंदूभाईंना सोबत घेऊन जातात. त्यांनी काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं.

हा नाद त्यांना कोल्ड अँकर नावाच्या एका इंग्लिश रॉक बँडने लावला. शेजारच्या इराण्याच्या वाडीतला मुलगा परदेशी गेला तेव्हा जाताना त्याने एक कॅसेट नंदूभाईंना दिली. तिची एकच बाजू वाजायची. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं नंदूभाईंना त्या बँडची निम्मीच गाणी माहीत होती, पण ती त्यांनी इतकी ऐकली की उरलेल्या निम्म्यांची गरज पडली नाही. अँकर म्हणजे नांगर, असं त्यांनी एकदा वाडीतल्या बायकांना समजावून सांगितलं. चिकू निवडायला बसणाऱ्या त्या बायकांनी जहाजाचा नांगर कशाला मनात आणावा? शेठ थंड्या नांगराची गाणी ऐकतात, शेतीची फार आवड आहे हो, असं त्या कौतुकाने सांगायच्या.

बँडमध्ये पाच माणसं. नंदूभाईंना त्यातला एकच दिसायचा. सगळ्यात मागे बसलेला ड्रमर, आल्फी. फोनवर बँडचा व्हिडिओ बघताना ते गायकाच्या तोंडावर अंगठा ठेवायचे. मी एकदा म्हटलं, अहो, गाणारा तरी बघू द्या. तर म्हणाले, "गाणाऱ्याला काय बघायचं? तो येतो आणि जातो. मागचा माणूस बघ."

मागचा माणूस हा त्यांचा सिद्धांत. जगात दोनच प्रकारची माणसं, पुढची आणि मागची. पुढची हलतात, डुलतात, भांडतात, निघून जातात. मागची बसून राहतात म्हणून गाणं चालू राहतं. कोल्ड अँकरचे गायक चार वेळा बदलले, गिटारवाल्याने कोर्टात केस टाकली, एक जण देवाच्या मार्गाला लागला. आल्फी पन्नास वर्षं त्याच स्टुलावर. "कोणी पुढे येऊन सांगितलं का त्याला, की बाबा, तू बस?" नंदूभाई विचारायचे. "नाही सांगितलं. तरी बसला."

हा सिद्धांत ते कुठेही लावायचे. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाची नोकरी, घर, पगार यातलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "फोटोत कुठे उभा असतो?" मुलगा प्रत्येक फोटोत मधोमध होता. नंदूभाईंनी मान हलवली. माझ्या दुकानात आले की निवडणुकीच्या बोर्डावरचे मोठे चेहरे सोडून अगदी खालच्या कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे. "हा कोण? मतं हा आणतो." एसटीत ते शेवटच्या बाकावर बसतात. लग्नात जेवायला शेवटच्या पंगतीला, आणि नवरा-नवरीकडे न बघता थेट बँजो पार्टीच्या मागे जाऊन उभे राहतात.

तिथेच त्यांना किसन सापडला. तलासरीजवळच्या पाड्यावरचा, पस्तिशीचा, एका बँजो पार्टीत ड्रम वाजवणारा. डोळ्यावर चोवीस तास काळा गॉगल. नंदूभाई त्याच्या मागे उभे राहून हळूच सांगायचे, "किसन, घाई नको. शांती राख." दोन-तीन लग्नं किसनने हे सहन केलं, चौथ्या लग्नात त्याने विचारलं, "शेठ, तुम्ही कुठं वाजवता?" नंदूभाई म्हणाले, "क्रेटवर." त्या दिवसापासून त्यांची दोस्ती. नंदूभाईंनी त्याला आल्फीची सगळी गाणी ऐकवली, आणि किसनने ती गुपचूप हळदीच्या नाचात घुसवली. उधव्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या इंग्लंडच्या ठेक्यावर फुगड्या घालून घरी गेल्या आणि त्यांना अजून पत्ता नाही.

तिसरे भक्त अच्छाडच्या ढाब्याचे मालक बिपिनभाई. ते ढाब्यावर दिवसभर कोल्ड अँकर लावतात. भक्ती आहेच, पण त्यात हिशेबही आहे. ट्रकवाले मोठ्याने वाजणारं इंग्लिश गाणं ऐकून पटापट जेवतात आणि टेबल मोकळं होतं. एवढ्या तिघांचं 'कोल्ड अँकर मित्र मंडळ, डहाणू-तलासरी'. मंडळाची सभा वर्षातून एकदा, आल्फीच्या वाढदिवसाला, ढाब्यावर. बँड भारतात कधी आला नाही. येणारही नव्हता. पण बिपिनभाई दर वेळी विचारायचे, आले तर उतरतील कुठे? आणि मंडळ त्यावर तासभर गंभीरपणे चर्चा करायचं.

आता माझ्याकडे येतो.

लग्नसराईचे दिवस. दुकानात एक मामा बसले होते, त्यांना भाच्याच्या लग्नाच्या बोर्डवर स्वतःचा फोटो भाच्यापेक्षा मोठा हवा होता. तेवढ्यात नंदूभाईंचा फोन आला. आवाज बसलेला.

"मोहन, आपला ड्रमर गेला."

मी म्हटलं, अरेरे, कधी? म्हणाले, सकाळी कळलं, झोपेतच गेला. मी घरच्यांची चौकशी केली. म्हणाले, बायको आहे, दोन मुली आहेत. किसनला बायको आहे आणि दोन मुली आहेत. अख्ख्या तलासरीत ड्रमर म्हटलं की किसनच, दुसरा मला माहीत नाही. आणि नंदूभाई 'आपला' म्हणाले होते. आपला ड्रमर इंग्लंडात कसा असेल? माझ्या मनाला शंका शिवलीसुद्धा नाही. उलट माझे डोळे भरून आले. समोरचे मामासुद्धा विरघळले आणि म्हणाले, फोटो भाच्याएवढाच ठेवा.

नंदूभाईंनी मजकूर सांगितला. 'पन्नास वर्षं मागे बसून सगळ्यांना सांभाळणारा आपला माणूस.' किसन पस्तीसचा. मला वाटलं, दुःखात माणसाचं असं होतं. मी पन्नास खोडून पंधरा केलं. म्हणजे मी त्यांना विचारलं नाही, सुधारलं. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्यात पाच गोरे म्हातारे आणि केस खांद्यापर्यंत. घाईत चुकून भलताच गेला असेल, असं समजून मी तो बाजूला ठेवला. किसनचा फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होताच, त्यांच्या पार्टीच्या बोर्डासाठी काढलेला, गॉगल लावून, दोन काठ्या छातीवर आडव्या धरून. छापायच्या आधी प्रूफ दाखवायची आमच्या धंद्यात रीत आहे. पण मेलेल्याच्या घरी फोन करून 'गेले ना नक्की?' असं विचारायची रीत कुठेच नाही.

दुपारी बोर्ड नाक्यावर लागला. खाली 'शोकसभा रविवारी, नंदूभाई सावे यांची वाडी, घोलवड'.

संध्याकाळी किसन त्याच बोर्डाखालून टेम्पोतून निघाला होता, एका हळदीला वाजवायला. ड्रायव्हरने ब्रेक मारला. पार्टीतले सगळे खाली उतरले. किसनने बराच वेळ बोर्ड बघितला, आणि त्याचे पहिले शब्द असे होते म्हणतात, "फोटो चांगला आलाय."

तोवर बातमी पाड्यांवरून फिरली होती. त्याची मोठी बहीण लक्ष्मी संजाणहून रिक्षाने रडत रडत आली, तर भाऊ स्वतःच्या श्रद्धांजलीखाली उभा राहून भजी खातोय. तिने आधी त्याला मिठी मारली आणि मग चपलेने मारलं. "मेल्या, जिवंत आहेस तर फोन का नाही उचलला?" किसन म्हणाला, "चार्जिंग नव्हतं." त्यात हळदवाल्यांचा निरोप आला की ज्याचा बोर्ड नाक्यावर लागलाय त्याने आमच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे सुपारीही गेली. गर्दी जमली, आणि गर्दीला छापणाऱ्याचं नाव बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात सापडलं. माझ्या दुकानाचं नाव मी फार हौसेने प्रत्येक बोर्डवर टाकतो.

सगळे माझ्याकडे आले. लक्ष्मी पुढे. मी खुर्चीतून उठलो, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिताना आजही हात अडतो.

मी म्हणालो, "मला काय विचारता? नंदूभाईंनी सांगितलं ते मी छापलं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लक्ष्मीच्या हातात अजून चप्पल होती. मी म्हणालो, त्यांना हल्ली कोण आहे आणि कोण गेलं ते कळत नाही. कोणीतरी मागून म्हणालं, बायको गेल्यापासून खिसकलेत. सगळे हसले. आणि मी मान हलवली.

नंदूभाई तिथेच होते. बोर्ड बघायला स्कूटरवरून आले होते आणि नेहमीप्रमाणे गर्दीच्या सगळ्यात मागे उभे होते. लोक बाजूला झाले तेव्हा मला दिसले. आयुष्यात पहिल्यांदा ते चार माणसांच्या पुढे आले, लक्ष्मीसमोर उभे राहिले, हात जोडले.

"ताई, गेला तो इंग्लंडचा आल्फी. चूक माझी. मी मोहनला बराबर सांगितलं नाही."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. किसनच्या खांद्यावर थोपटलं आणि स्कूटर चालू करून गेले. किक मारण्याआधी स्कूटरच्या सीटवर त्यांचा हात नुसता पडलेला होता.

पुढचे काही दिवस तलासरीत मजेचे गेले. चहाच्या टपरीवर किसनला लोक विचारायचे, वरती हवामान कसं आहे? तो म्हणायचा, गर्मी आहे, इथल्यासारखीच. बघता बघता वाराही फिरला. ज्याच्या मरणाची खोटी बातमी येते त्याचं आयुष्य वाढतं, हे सगळ्यांना पाठच. असा वाढीव आयुष्याचा माणूस लग्नात वाजवायला असेल तर जोडप्याला लाभतं, असं कोणीतरी काढलं, आणि किसनच्या पार्टीला एवढ्या सुपाऱ्या आल्या की दोन परत कराव्या लागल्या. तो माझ्या दुकानात येऊन बोर्ड मागून घेऊन गेला. पावसाआधी घरावर टाकायला. मी खजील होऊन विचारलं, स्वतःची श्रद्धांजली डोक्यावर घेऊन झोपणार? तो म्हणाला, "चेहरा खाली करून टाकतो ना. पोरी झोपताना बघतील."

असं सगळ्यांचं नुकसान भरून निघालं. एकट्या नंदूभाईंचं सोडून.

त्यांचा विषय निघाला की लोक हसून एकमेकांना विचारायचे, ड्रमर आहे की गेला? गावाच्या ग्रुपवर कोणी फ्रीज बंद पडल्याचा फोटो टाकून खाली लिहायचं, आपला फ्रीज गेला, नंदूभाईंना कळवा. शोकसभा त्यांनी रद्द केली. बिपिनभाईंखेरीज तसा निरोप त्यांनी कोणालाच दिला नाही, कारण दुसरं कोणी येणार असं त्यांना वाटलंच नसावं. आणि त्यांच्या वाडीतून आवाज यायचा बंद झाला. चिकू निवडणाऱ्या बायकांपैकी एक मला कुंपणाजवळ भेटली. म्हणाली, शेठ वाजवत नाहीत, हात चालत नाही आमचा, मोठ्यात बारीक जातो आणि बारकात मोठा.

घरी माझी बायको, वैशाली, माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, नंदूभाईंचं माणूस गेलं ना? तुम्ही भेटायला गेलात?"

मी म्हटलं, माणूस कसलं, इंग्लंडचा ड्रमर तो. त्यांनी त्याला कधी पाहिलाही नाही.

"रडतात ते घोलवडला ना?" ती म्हणाली. "मग भेटायला इंग्लंडला जायचं असतं का?"

त्या संध्याकाळी तिने मुगाची खिचडी आणि कढी केली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात तशी, टोपावर ताट झाकून. आणि मला पुढे घालून नंदूभाईंच्या दारात उभं केलं.

नंदूभाईंनी दार उघडलं. टोप बघितला, वैशालीकडे बघितलं. अशी खिचडी कधी येते हे गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते बाजूला झाले. आम्ही आत जाऊन खाली बसलो. मग वैशालीनेच विचारलं, कसे होते हो ते? म्हणजे आल्फी.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. ते आधी ठेक्याबद्दल बोलले, आम्हाला फारसं कळलं नाही. मग सरलावहिनींबद्दल, त्यांच्या गेलेल्या बायकोबद्दल, बोलू लागले.

वहिनींना कंपवात होता, ते आम्हाला माहीत होतं. हात थरथरायचे, बोलणं कमी झालं होतं. पण त्यांचे पाय जागच्या जागी चिकटायचे, ते माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या की पाय उचलायचाच नाही. हाताला धरून ओढलं तर तोल जायचा. तशा त्या अर्धा अर्धा तास उभ्या राहायच्या, आणि नंदूभाई त्यांच्याजवळ उभे राहायचे. एकदा त्या अशाच अडकलेल्या असताना फोनवर आल्फीचं एक गाणं चालू होतं. वहिनींनी पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. नंदूभाईंना आधी वाटलं योगायोग. मग त्यांनी तोच ठेका क्रेटवर वाजवून बघितला.

"दुसऱ्या कोणाच्या ठेक्यावर नाही चालायची," ते म्हणाले. "सगळे घाई करतात. मीसुद्धा घाई करायचो. आल्फीसारखा वाजवला तरच. पाय उचलेपर्यंत त्याचा ठोका थांबून राहतो रे. ती पुढे, मी मागे. स्वयंपाकघरापासून अंगणातल्या चिकूपर्यंत रोज. चार वर्षं त्याने तिला चालवलं."

वैशालीने पदर डोळ्यांना लावला. आणि मला एक दुसरीच गोष्ट आठवली.

त्या वर्षांमधला एक दिवस. मी तापाने घरी पडलो होतो आणि नंदूभाईंच्या अंगणातून ते क्रेट बडवणं चालू होतं, थांबता थांबेना. मी उठून खिडकीतून कुंपणापलीकडे ओरडलो होतो, की तुमच्या घरात बायको आजारी आहे, थोडी तरी लाज बाळगा, बंद करा ते. झाडांमुळे मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. "सॉरी मोहन," एवढं ऐकू आलं आणि वाजवणं थांबलं. मला केवढं बरं वाटलं होतं. मी शांत झोपलो.

नंदूभाई बोलत होते आणि मी तो थांबलेला ठेका ऐकत होतो. माफी मागायची हीच वेळ होती. ती तोंडाशी आलीसुद्धा. आणि मी म्हणालो, "खिचडी गार होतेय."

रात्री वैशालीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, घरात बोललात तर मी ऐकेन, पण नाक्यावर बोलला होतात ना, चार माणसांत?

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. लग्नसराईत फ्लेक्सवाल्याने दुकान बंद ठेवणं म्हणजे काय ते धंदेवाल्यांना कळेल. आधी अच्छाडला गेलो. बिपिनभाई गल्ल्यावर बसले होते. येत्या रविवारी शोकसभा आहे म्हटल्यावर म्हणाले, "आ तो रद्द थई गयुं." मी म्हटलं, नाही, आहे. किसनकडे गेलो, तो म्हणाला ड्रम घेऊन येतो. मग संजाणला लक्ष्मीकडे गेलो. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो गेलेला माणूस खरंच गेलाय ना, या वेळी? मी म्हटलं, खरंच. "मग येते," ती म्हणाली. "संजाणपासून एवढी रडले मी, ते कोणाच्या तरी नावाने लागू दे."

नंदूभाईंना मी फक्त एवढंच सांगितलं की रविवारी वाडीत थोडी माणसं येतील. आणि आल्फीचा फोटो प्रूफ म्हणून दाखवायला नेला. पाच जणांतून मी चौघांना कापून काढलं होतं. ते फोटो हातात धरून बसले. म्हणाले, "बराबर आहे."

रविवारी वाडीत चिकूच्या झाडाखाली ताडपत्री अंथरली. निवडणाऱ्या बायका सुट्टी असून आल्या. बिपिनभाईंनी एका ट्रकवाल्यालाही आणलं होतं. तो कितीतरी वर्षं ढाब्यावर ही गाणी ऐकत जेवत होता आणि वाजवणारा मेला म्हटल्यावर गाडी बाजूला लावून आला होता. किसनने ड्रमचा सेट झाडाखाली मांडला आणि आज पहिल्यांदाच गॉगल काढून खिशात ठेवला. बायकांनी फोटो बघितला. एक म्हणाली, हा तर चांगला पिकलेला आहे. दुसरी म्हणाली, मग बरं झालं बाई, कच्चा नाही गेला. लक्ष्मी फोटोसमोर बसली आणि थोडा वेळ रीतसर रडली. ओळख नसताना तिने त्याच्या बायकोचं आणि दोन मुलींचं नाव घेऊन विचारलं, आता त्यांनी कोणाकडे बघायचं? नावं तिने किसनच्या घरातलीच घेतली होती, पण कोणी दुरुस्त केली नाहीत. बिपिनभाई बोलायला उठले, 'आल्फीभाई म्हणजे' एवढं म्हणाले आणि त्यांना पुढचं सुचेना, तेव्हा ते हात जोडून खाली बसले. ट्रकवाल्याने टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून थांबवली.

नंदूभाई सगळ्यांच्या मागे, क्रेटच्या थप्पीला टेकून बसले होते.

मग मी उठलो. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. मी दुसऱ्यांच्या तोंडचं मोठ्या अक्षरांत छापणारा माणूस. वैशाली बायकांमध्ये बसली होती, तिने मान वर केली.

मी म्हणालो, "किसनचा बोर्ड लागला तो माझ्यामुळे. नंदूभाईंनी मला सगळं नीट सांगितलं होतं, फोटोही पाठवला होता. मी विचारलं नाही. आणि नाक्यावर मी त्यांच्यावर ढकललं. त्यांचं डोकं फिरलंय असं कोणी म्हणालं, तेव्हा मी मान हलवली. लक्ष्मीताईंसमोर त्यांनी जोडले ते हात मी जोडायचे होते."

एवढं म्हणून मी लक्ष्मीला हात जोडले, किसनला जोडले. मग माणसांमधून वाट काढत मागे गेलो आणि नंदूभाईंच्या समोर जमिनीवर बसलो. ते म्हणाले, "झालं रे, मोहन." मी म्हटलं, नाही झालं, अजून एक आहे.

"मी तापात होतो, तेव्हा खिडकीतून तुमच्यावर ओरडलो होतो. तुम्ही वाजवायचं थांबलात. वहिनी तेव्हा अंगणात मध्येच उभ्या राहिल्या असतील. मी येऊन बघायला हवं होतं, निदान विचारायला हवं होतं. नंदूभाई, चुकलो मी. वहिनींच्या बाबतीतही चुकलो. मला माफ करा."